मांजराचे केस आणि गजीचा ढोल

आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात धनगरांच्या गजी नाचाचा ढोल घुमायला लागला की तो कानाआधी छातीला कळतो. मधोमध ढोल आणि झांजा, भोवती रिंगण. डोक्याला फेटे, हातांत रंगीत रुमाल. रिंगणात पोरंही असतात, पण माझी नजर खिळते ती म्हाताऱ्यांवर. एरवी चार पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात टेकणारा गडी ठेक्यावर गिरकी घेतो, वाकतो, रुमाल उडवतो आणि सरळ होऊन पुढच्या पावलाला तयार असतो. अंगावर भंडारा, चेहऱ्यावर लहान पोराचं हसू. कवठे महांकाळच्या या माळरानावर वय जातं तरी कुठं?

ऑक्सफर्डमध्ये या कोड्याच्या अगदी जवळचा एक प्रयोग झाला. विद्यापीठाच्या नौकासंघातल्या 12 जणांना वल्हवण्याच्या यंत्रावर बसवलं, एकदा एकेकट्याने आणि एकदा गटाने. वेळ तेवढाच, 45 मिनिटं, आणि कष्टही तेवढेच. मग रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळत नेला आणि कळ कुठवर सोसते ते पाहिलं. मेंदू स्वतःच जे वेदनाशामक तयार करतो, त्या एंडॉर्फिनचा अंदाज घेण्याची ही आडवळणाची रीत. एकट्याने वल्हवल्यावर सोसण्याची ताकद वाढली होतीच. गटाने वल्हवल्यावर ती वाढ जवळजवळ दुप्पट निघाली! घाम तेवढाच, पण सोबतीने त्याचं फळ दुणावलं.

हा फरक सोबतीचा की एका तालाचा? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझीलमधल्या 264 शाळकरी मुलांना नाचवून तेही तपासलं. काही मुलं एका तालात नाचली, काही आपापल्या. काहींनी अंग घुसळून नाच केला, काहींनी बसल्या जागी नुसते हात हलवले. कष्टाने कळ सोसण्याची ताकद वाढली आणि तालानेही वाढली, दोन्हींनी स्वतंत्रपणे. शिवाय दोन्हींमुळे एकमेकांबद्दलची आपुलकी वाढली. गजीत तर ताल आणि कष्ट दोन्ही एकाच रिंगणात असतात.

पण मला सगळ्यांत थक्क करून सोडलं ते उंदरांनी. याक पँकसेप हे संशोधक उंदरांना गुदगुल्या करत. गुदगुल्या झाल्या की उंदीर 50 किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपला कान 20 किलोहर्ट्झच्या पलीकडचं ऐकत नाही, म्हणून हे हसू इतकी वर्षं आपल्या पायाशी असूनही आपल्याला कळलंच नव्हतं. मेंदूचा वरचा, विचार करणारा थर जन्मानंतर लगेच काढून टाकला तरी उंदराची पिल्लं खेळतात, हेही पँकसेप यांनी दाखवलं. खेळ इतका खोल, इतका जुना आहे. शहाणपण त्याच्या कितीतरी नंतर आलं.

मग हा खेळ थांबतो कशाने? पँकसेप यांनी खेळणाऱ्या पिल्लांच्या खोक्यात मांजराचे थोडेसे केस टाकले. त्या पिल्लांनी जन्मात मांजर पाहिलेलं नव्हतं, तरी खेळ तत्क्षणी बंद पडला. केस काढून घेतल्यावरही पुढे काही दिवस ती पिल्लं मोकळेपणी खेळली नाहीत.

हे वाचलं आणि मला मोठ्या माणसांचं न खेळणं उलगडलं. वय आपल्याला थांबवत नाही. सोसायटीचा हप्ता, आटलेली विहीर, लांबलेला पाऊस, पोरीचं लग्न: हे आपले मांजराचे केस. धनगराच्या वाट्याला तर ते पिढ्यानपिढ्या आले. दसरा-दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, रोज नवं रान, रात्री लांडग्याची धास्ती. असा माणूस मोकळेपणी नाचायचा तर आधी त्याच्या अंगाला पटलं पाहिजे की इथं, आत्ता, भय नाही. मला वाटतं, बिरोबाचं बन नेमकं हेच पटवतं. राखण देवाकडे सोपवलेली असते, भोवती आपलीच माणसं असतात. ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ झालं की काळजी रिंगणाबाहेर राहते.

बायकांसाठी हेच काम नागपंचमी करत आली. फुगडी सासरच्या अंगणात रंगत नाही, ती माहेरीच खरी रंगते, आणि त्याला कारण आहे. पायाला पाय भिडवून, हातांची कैची घालून दोघी मागं रेलतात तेव्हा दोघींपैकी कुणीच आपल्या बळावर उभी नसते. हिच्या पडण्याला तिचं पडणं तोलून धरतं. वेग वाढेल तसा हातांवरचा ताण वाढतो, आणि एकीने हात सोडला तर दोघीही भुईवर. भ्यालेलं अंग असं मागं रेलूच शकत नाही.

पंचमीला गावात पन्नाशीच्या दोघी मैत्रिणी समोरासमोर येतात. एक म्हणते, “नको गं, चक्कर येती आता.” दुसरी काही बोलत नाही. नुसते दोन्ही हात पुढं करते, आणि पहिली पदर खोचायला लागते.