सायकल, शुगर आणि सोबती

हिवाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘‘डॉक्टर, मला शुगर आहे. सायकलवर लांब गेलं तर चालेल का?’’ आखाडा बाळापूरसारख्या गावातही आता गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत, पहाटे कळमनुरी रस्त्याला चार-सहा जण तरी भेटतात. माझं उत्तर ‘हो’ असतं. मात्र मागच्या जानेवारीपासून मी त्या माणसाला खुर्चीत बसवतो आणि आधी त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी मागतो.

त्या जानेवारीत मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र सायकलवर पंढरपूरला निघालो. वसमत, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, बार्शी असा रस्ता, साधारण साडेतीनशे किलोमीटर, चार दिवस. मित्र चौपन्न वर्षांचा, शिक्षक, आठ वर्षांपासून मधुमेही. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. तीन महिन्यांची सरासरी चांगली, तीन महिन्यांचा सरावही झालेला. मी त्याचा ईसीजी पाहिला, सीटची उंची बघितली, पंक्चरचं सामान दोनदा मोजलं. सकाळच्या गोळीचं काय करायचं, हे मात्र विचारलं नाही. त्यालाही ते सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं ते मला.

पहिला दिवस झकास गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी पडत चाललेली हळद, वसमतला चहा, दिवस मावळायच्या आत परभणी. रात्री त्याने शुगर तपासली तर ११०. स्वारी खूश! ‘‘बघ, गोळ्या सुटतात का नाही आता,’’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परळीला वैजनाथाचं दर्शन घेतलं आणि ‘आता जेवायचं ते अंबाजोगाईलाच’ असं ठरवून पुढे निघालो. चढ लागला तसा तो गप्प झाला. मग चिडला. मी म्हटलं, जरा थांबू, तर म्हणे, ‘‘तुला दम लागला असेल, मला काही झालेलं नाही.’’ सायकल रस्त्याच्या मधोमध जाऊ लागली. मागून ट्रक येत होता. मी ओरडलो, तरी त्याचं लक्ष नव्हतं. जवळ जाऊन हँडल धरलं तेव्हा दिसलं की गार वाऱ्यातही त्याचा शर्ट घामाने चिंब भिजला होता. ग्लुकोमीटर बॅगेच्या तळाशी, कपड्यांखाली. शुगर ५४.

सत्तरच्या खाली शुगर गेली की तिला हायपो म्हणतात. ती का गेली, हे समजून घेण्यासारखं आहे. निरोगी माणूस पायडल मारू लागला की त्याच्या रक्तातलं इन्सुलिन आपोआप कमी होतं. इन्सुलिन उतरलं की यकृत आपला साठा उघडतं आणि रक्तात साखर सोडतं. हा साठा फार नसतो, साधारण १०० ग्रॅम. स्नायूंमध्ये त्याच्या चौपट असतो, पण स्नायू तो स्वतःच वापरतात, रक्तात परत देत नाहीत. उलट, चालत्या स्नायूंना रक्तातली साखर ओढून घ्यायला इन्सुलिनचीही फारशी गरज लागत नाही. व्यायामाने शुगर उतरते ती यामुळेच.

आता यात ग्लिमेपिराइड घाला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही खुर्चीत बसला आहात की घाट चढताय, हे तिला कळत नाही. इन्सुलिन उतरायला हवं तेव्हा ते चढंच राहतं, यकृत साठा मोकळा करत नाही आणि मांड्या साखर ओढतच राहतात. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही असंच होतं. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका क्वचितच असतो. म्हणून चिठ्ठी मागतो.

मग पहिल्या दिवशी काही कसं झालं नाही? त्या दिवशी साठे भरलेले होते. मोठ्या श्रमानंतर स्नायू आपली रिकामी कोठारं भरायला चोवीस तास, कधी त्याहून जास्त काळ रक्तातून साखर घेत राहतात. दुसऱ्या दिवशीची सकाळ, किंवा त्या रात्रीची झोप, जास्त नाजूक असते. परभणीचे ते ११० म्हणजे शाबासकी नव्हती, इशारा होता.

घाईत मी आधी त्याच्या हातात शेंगदाण्याची चिक्की दिली. चूक! शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. चॉकलेटचंही तेच. जवळच्या चहाच्या टपरीवर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तीन चमचे. पुन्हा पंधरा मिनिटं. ९८. टपरीवाले काका म्हणाले, ‘‘साहेब, शुगरवाल्याला साखर काहून पाजायले?’’ प्रश्न बरोबरच होता. गावोगावी हायपो झालेल्या माणसाला हीच भीती बाळगून साधं पाणी पाजतात.

दोन गोष्टी मात्र जपायच्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असलेल्याला घरची साखर लवकर लागू पडत नाही, त्याने खिशात ग्लुकोजच ठेवावं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, एकदा वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. म्हणून त्याला केळी आणि पोळी खाऊ घातली, दोन्ही सायकली एका छोट्या टेम्पोत टाकल्या आणि अंबाजोगाई गाठली. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, एवढा एक आधार मनात होता. संध्याकाळची गोळी थांबवली. रात्री तीनला गजर लावून शुगर पाहिली, १३२. मला पुढे झोप लागली नाही. तो घोरत होता.

राहून राहून आठवत होतं ते त्याचं ‘मला काही झालेलं नाही’. तो खोटं बोलत नव्हता. मेंदू साखरेवर चालतो, ती घटली की आधी बिघडतो तो माणसाचा अंदाज. ज्याला त्रास होतोय त्यालाच तो कळत नाही. म्हणून लांबच्या पल्ल्याला सोबती हवा, आणि त्याला सगळं ठाऊक हवं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हा त्यांच्याबरोबर मदतीची गाडी आणि माणसं होती. आपल्याबरोबर एक मित्र असतो, तो तरी जाणता असावा.

मधुमेहामुळे सायकल सोडावी असं मात्र कुणी समजू नये. इटलीत ‘मिलान-सान रेमो’ नावाची एका दिवसात जवळपास तीनशे किलोमीटरची शर्यत होते. टीम नोव्हो नॉर्डिस्क या संघाचे खेळाडू तिच्यात अनेकदा उतरले आहेत, आणि या संघातला प्रत्येक जण टाइप वन मधुमेही आहे. शर्यतभर त्यांची साखर मोजली जाते, खाणं त्यानुसार ठरतं.

आम्ही तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून पुढे निघालो ते नव्या हिशोबाने. सकाळची गोळी निम्मी (हे प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं), ग्लुकोमीटर हँडलच्या पिशवीत, दर तासाला काहीतरी खाणं आणि निघण्याआधी शुगर शंभरच्या वर. चौथ्या दिवशी दुपारी चंद्रभागेचं पाणी दिसलं. टेम्पोतले तेवढे किलोमीटर हिशोबात धरायचे की नाही, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

आता त्याला घुमानचे वेध लागलेत. आपल्या नरसीचे नामदेव जिथवर गेले त्या पंजाबातल्या गावापर्यंत, दीड हजार किलोमीटरहून जास्त. मी म्हटलं, आधी डोळ्यांचा पडदा तपासून घे. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोराच्या श्रमाने त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि आठ वर्षांत त्याने एकदाही तपासणी केलेली नाही. पुढच्या मंगळवारी नांदेडची वेळ घेतली आहे. बसने जाणार आहोत.