पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त व आपले मित्रकीटक

परसबागेतील पपई, जास्वंद, वांगी इत्यादी झाडांवर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की पिठ्या ढेकणाचा उपद्रव सुरू झाला असे समजावे. ही कीड पाने व कोवळ्या शेंड्यांतील रस शोषते. तिच्या गोड, चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून झाड निस्तेज होते. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारलेले औषध किडीपर्यंत नीट पोहोचत नाही. तिचा फडशा पाडणारे मित्रकीटक मात्र त्याने मरतात आणि कीड पुन्हा बळावते.

या दृष्टीने पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण बोधप्रद आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही कीड २००८ मध्ये तामिळनाडूतील कोइमतूर येथे आढळली आणि अल्पावधीतच कर्नाटक, महाराष्ट्र आदी राज्यांत पसरली. तिचे नैसर्गिक शत्रू मात्र तिच्यासोबत आले नव्हते. म्हणून २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणवून, बंगळूर येथे त्यांची तपासणी करून ते बागांत सोडण्यात आले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपयी हा विशेष प्रभावी ठरला. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या पिलाच्या अंगात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी त्यास आतून पोखरते व अखेर वाळलेल्या कवचाला भोक पाडून नवा कीटक बाहेर पडतो. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या या कीटकाने काही महिन्यांतच कीड आटोक्यात आणली.

दुसरा मित्र म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातील क्रिप्टोलिमस हा ढालकिडा. कॉफीवरील खवले किडीसाठी १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्या ढेकूण खाते; परंतु तिच्याही अंगावर पांढरे मेणचट तंतू असल्याने तिलाच कीड समजून चिरडले जाण्याचा संभव असतो. अळी आकाराने मोठी व चपळ असते, ही खूण ध्यानी ठेवावी.

अशा अळ्या किंवा भोके पडलेली कवचे आढळल्यास फवारणी थांबवावी. गोड स्रावाच्या लोभाने मुंग्या किडीची राखण करतात व मित्रकीटकांना हुसकावून लावतात. यास्तव मुंग्यांचा बंदोबस्त प्रथम करावा. कीड समूळ नष्ट करण्याचा आग्रहही धरू नये. थोडी कीड शिल्लक राहिली, तरच तिच्यावर जगणारे हे राखणदार बागेत टिकून राहतील.