उत्पन्नाची रेघ आणि आठवीनंतरची वाट

आठवीचे वर्ष संपते, त्याच टप्प्यावर शिक्षण हक्क कायद्याचे छत्रही संपते. २००९ मध्ये संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना आठवीपर्यंतच मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. केंद्राच्या योजनेतील माध्यान्ह आहारही आठवीपर्यंतच मिळतो. दुसरीकडे, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने धोकादायक नसलेले काम करण्यास बालकामगारविषयक कायद्याची मनाई नाही. त्यामुळे नववीच्या उंबरठ्यावर अनेक घरांत एक नवा हिशेब मांडला जातो. मुलगा गॅरेजमध्ये किंवा दुकानात चार पैसे मिळवू शकतो. मुलीने धाकट्या भावंडांना सांभाळले तर आईला कामावर जाता येते. अशा घरांत शिक्षणाचा खर्च केवळ वह्या-पुस्तकांचा आणि बसभाड्याचा नसतो. हाती येऊ शकली असती त्या कमाईवरही पाणी सोडावे लागते. प्राथमिक टप्प्याच्या तुलनेत माध्यमिक टप्प्यावर गळती अधिक असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

ही गळती रोखण्याच्या हेतूने केंद्र सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना सुरू केली. शाळांमध्ये ती एनएमएमएस या नावाने परिचित आहे. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या एक लाख विद्यार्थ्यांची दरवर्षी नव्याने निवड होते आणि त्यांना नववी ते बारावी अशी चार वर्षे मदत मिळते. राज्यांचा कोटा विद्यार्थिसंख्येच्या आधारे ठरतो. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. आरंभी मासिक ५०० रुपये असलेली रक्कम २०१७ पासून मासिक १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये झाली. ती थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. पालकांचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, ही पहिली अट. सातवीत किमान ५५ टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्याने आठवीत असताना बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या देऊन गुणवत्ता यादीत स्थान मिळवावे, ही दुसरी. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना गुणांत पाच टक्के सवलत आहे.

सार्वजनिक पैसा मर्यादित असतो, तेव्हा तो अधिक गरजूंना आधी मिळावा, या तत्त्वाला सहसा कोणी आक्षेप घेत नाही. मात्र गरज मोजण्याची पद्धत योग्य नसेल, तर हे न्याय्य तत्त्वही व्यवहारात अन्याय घडवते.

सर्वात आधी मर्यादेच्या काठावरचे गणित पाहू. साडेतीन लाख रुपये वार्षिक म्हणजे महिन्याला साधारण २९,१६७ रुपये. एका पालकाला दरमहा २९,००० रुपये वेतन असेल, तर वर्षाचे ३,४८,००० रुपये होतात. मूल शिष्यवृत्तीधारक असेल तर घरात एकूण ३,६०,००० रुपये येतात. शेजारच्या पालकाचे वेतन २९,२०० रुपये असेल, तर त्याची वार्षिक मिळकत ३,५०,४०० रुपये होते आणि त्याचे मूल अपात्र ठरते. वेतनातील फरक वर्षाला २,४०० रुपयांचा. पण अधिक कमावणारे घर प्रत्यक्षात ९,६०० रुपयांनी मागे पडते. ही तूट भरून निघण्यासाठी त्याचे मासिक वेतन ३०,००० रुपयांपर्यंत पोहोचावे लागेल. साडेतीन लाखांची रेघ ही उतरण नसून कडा आहे. तिच्या अलीकडे पूर्ण मदत आणि पलीकडे काहीच नाही.

दुसरा प्रश्न घरातील खाणाऱ्या तोंडांचा. मर्यादा एकच असल्याने एकुलते एक मूल असलेले कुटुंब आणि चार मुले व आजारी आजी-आजोबांचा भार वाहणारे कुटुंब एकाच मापाने मोजले जाते. पहिल्याचे उत्पन्न ३,४०,००० आणि दुसऱ्याचे ३,६०,००० असेल, तर मदतीस पहिले पात्र ठरते. माणशी उत्पन्नाचा विचार केला, तर ओढाताण कोठे अधिक आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रश्न पुराव्याचा आहे. उत्पन्नाचा दाखला गोव्यात मामलेदार कार्यालयातून, तर महाराष्ट्रात आणि बेळगाव भागात तहसीलदार कार्यालयातून मिळतो. नोकरदाराचे वेतन कागदावर पै-पैशापर्यंत दिसते. छोट्या दुकानदाराचे, कंत्राटदाराचे किंवा बागायतदाराचे उत्पन्न बव्हंशी त्याच्या स्वतःच्या निवेदनावर आणि स्थानिक चौकशीवर ठरते. त्यामुळे वेतनचिठ्ठी असलेला सुरक्षारक्षक किंवा कारखान्यातील कामगार काठावर अडकतो, तर त्याच्यापेक्षा सुस्थितीत असलेला एखादा व्यावसायिक रेघेच्या आत राहू शकतो. याउलट, रोज हजेरीवर राबणाऱ्या माणसाला दाखल्यासाठी कामाचा दिवस बुडवून खेटे घालावे लागतात. ज्याला मदतीची सर्वाधिक निकड, त्यालाच ती सिद्ध करण्याचा खर्च सर्वाधिक सोसावा लागतो.

महागाई हा चौथा मुद्दा. योजनेच्या आरंभी उत्पन्नमर्यादा दीड लाख रुपये होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीसाठी, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी योजना पुढे चालू ठेवताना ती साडेतीन लाख करण्यात आली. मधल्या दीर्घ काळात वेतनाचे आकडे वाढत गेले, पण त्यांबरोबर किमतीही वाढल्या. त्या काळात जी कुटुंबे रेघेबाहेर ढकलली गेली, त्यांतील कित्येकांची खरी परिस्थिती सुधारलेली नव्हती. मासिक १,००० रुपयांची रक्कमही २०१७ मध्ये ठरलेली आहे.

उत्पन्नाच्या मर्यादेतील ही वैगुण्ये अन्य देशांनीही अनुभवली आहेत. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी सक्तीचे शिक्षण संपत असे. त्यानंतरही गरीब घरांतील मुलांनी शिकत राहावे म्हणून ‘एज्युकेशन मेंटेनन्स अलाउन्स’ हा भत्ता १९९९ पासून काही भागांत प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आला आणि २००४ मध्ये तो संपूर्ण इंग्लंडमध्ये लागू झाला. या भत्त्यासाठी गुणवत्तेची परीक्षा नव्हती. नियमित हजेरी पुरेशी होती. शिवाय रक्कम पायऱ्यांनी कमी होत जाई. पुढील काळातील दरांनुसार घराचे वार्षिक उत्पन्न २०,८१७ पौंडांपर्यंत असेल तर आठवड्याला ३० पौंड, २५,५२१ पौंडांपर्यंत २० पौंड आणि ३०,८१० पौंडांपर्यंत १० पौंड मिळत. उत्पन्न थोडे वाढले म्हणून संपूर्ण मदत एकदम बंद होत नसे. तथापि तेथेही भावंडांची संख्या विचारात घेतली जात नव्हती आणि शेवटच्या पायरीपलीकडील मुलांची तक्रार कायम राहिली.

२०१० मध्ये तेथील सरकारने इंग्लंडपुरता हा भत्ता बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. भत्ता घेणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ मुलांनी तो नसता तरी शिक्षण चालू ठेवले असते, म्हणून त्यांच्यावरचा खर्च व्यर्थ, असा युक्तिवाद त्यासाठी झाला. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संशोधन संस्थेने मात्र वेगळे चित्र दाखवले होते. भत्त्यामुळे पात्र मुलांपैकी शिक्षणात टिकणाऱ्यांचे प्रमाण सोळाव्या वर्षी ६५ वरून ६९ टक्के आणि सतराव्या वर्षी ५४ वरून ६१ टक्के झाले होते. वर्षाला सुमारे ५६ कोटी पौंडांच्या या भत्त्याच्या जागी १८ कोटी पौंडांचा एक निधी आला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने मात्र भत्ता चालू ठेवला.

‘ही मुले तशीही शिकलीच असती’ हा ब्रिटनमधील आक्षेप आपल्या शिष्यवृत्तीला अधिक लागू पडतो. सातवीत ५५ टक्के मिळवून, स्पर्धा परीक्षेची तयारी करून गुणवत्ता यादीत येणारे मूल अभ्यासात आधीच स्थिर झालेले असते. ज्याची शाळा सुटण्याचा धोका सर्वाधिक, ते मूल बहुधा या परीक्षेला बसतच नाही, किंवा बसले तरी यादीत येत नाही. हुशार गरीब विद्यार्थ्याचा गौरव हे उचित ध्येय आहे आणि गळती रोखणे हेही. परंतु पहिल्यासाठी घेतलेली परीक्षा दुसऱ्या ध्येयाच्या आड येते.

उत्पन्न न विचारताही मदत देता येते, याचे उदाहरण बिहारचे आहे. २००६ मध्ये तेथील सरकारने नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यास प्रारंभ केला. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नव्हती आणि गुणवत्ता यादीही नव्हती. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आणि ही वाढ प्रामुख्याने शाळा दूर असलेल्या गावांत दिसली. काही सुस्थित घरांतील मुलींनाही सायकल मिळाली असेल. पण एकाही गरीब मुलीला दाखल्यासाठी रांगेत उभे राहावे लागले नाही.

सर्वांना रोख मदत देणे सरकारी तिजोरीला पेलणारे नसेल, तर उत्पन्नाची रेघ राहणारच. परंतु ती अधिक न्याय्य करता येते. साडेतीन लाखांपलीकडे निम्म्या रकमेची आणखी एक पायरी ठेवता येईल. मुलांच्या संख्येनुसार मर्यादा बदलता येईल. मर्यादा आणि रक्कम दोन्ही महागाईशी जोडता येतील. शिष्यवृत्त्यांचा काही हिस्सा परीक्षेऐवजी नियमित हजेरीच्या अटीवर राखून ठेवता येईल. यांतील पहिल्या आणि शेवटच्या उपायाचा अनुभव ब्रिटनच्या भत्त्याने दिलेलाच आहे.

आई-वडिलांचे वेतन किती असावे, हे चौदा वर्षांचे मूल ठरवू शकत नाही. योजनेची पुढील आखणी करताना एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी महिन्याच्या दोनशे रुपयांच्या वेतनवाढीपायी कोणाच्या वर्षाच्या बारा हजारांवर पाणी पडणार नाही.