आतेभाऊ कॅनडात आहे, पण तो आतेभाऊ आहे हे सिद्ध कसं करायचं?

‘माझा आतेभाऊ कॅनडात आहे, काम होऊन जाईल.’ हे वाक्य तुम्हीही कोणाकडून तरी ऐकलं असेल. गंमत म्हणजे कॅनडाचा मॅनिटोबा प्रांत असं नातं खरंच मोजतो. अट एवढीच की ते कागदावर दिसलं पाहिजे.

मॅनिटोबाच्या प्रोव्हिन्शियल नॉमिनी योजनेत परदेशातून अर्ज करणाऱ्या कुशल कामगाराला प्रांताशी असलेला आपला संबंध दाखवावा लागतो. तिथे जवळचा नातेवाईक असेल तर २०० गुण. मित्र किंवा लांबचा नातेवाईक असेल तर ५०. तिथे पूर्वी शिकला असाल किंवा नोकरी केली असेल, तर त्याचेही गुण आहेत. उलट, जवळचे नातेवाईक फक्त दुसऱ्या प्रांतात, समजा टोरंटोत असतील, तर १०० गुण जातात. प्रांताला येऊन तिथेच राहणारी माणसं हवी आहेत, हा यामागचा सरळ हिशोब.

चुलत, मामे, आते, मावस हे सगळे तिकडे ‘कझिन’, म्हणजे जवळचेच. वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा मात्र लांबचा. शिवाय नातेवाईक नागरिक किंवा पीआर असावा आणि किमान वर्षभर मॅनिटोबात राहत असावा.

आता कागद बघू. तुमच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव. वडिलांच्या दाखल्यावर आजी-आजोबांचं. आत्याच्या दाखल्यावर तेच आजी-आजोबा. आणि आतेभावाच्या दाखल्यावर आई म्हणून आत्याचं नाव. चार कागदांची ही साखळी आहे.

ती तुटते आत्याच्या नावापाशी. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांऐवजी नवऱ्याचं झालं आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे अनेकींचं पहिलं नावही बदललं. म्हणजे माहेरची सुमन विष्णू आणि सासरची माधवी श्रीधर एकच आहे, हे विनिपेगमधल्या अधिकाऱ्याला कळणार कसं? नावाचा एकही भाग जुळत नाही!

इथे लग्नाचा दाखला कामाला येतो, किंवा राजपत्रात छापलेली नाव बदलाची नोंद. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर महाराष्ट्रात ती उशिराही करता येते. जुन्या पिढीचे जन्मदाखले अनेकदा नसतातच. मग शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडतात, पण असा पर्यायी पुरावा मान्य करायचा की नाही, हे अधिकारी ठरवतात. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते घरच्या कोणी केलेलं चालत नाही.

एखादा एजंट ‘मॅनिटोबातला मित्र मिळवून देतो’ म्हणत असेल, तर तिथून उठा. खोटी माहिती पकडली गेली तर कॅनडात पाच वर्षं प्रवेशबंदी होते, आणि ती एजंटला नाही, तुम्हाला. आणि फक्त नात्यावर निवड होत नाही. भाषा, वय, शिक्षण, अनुभव यांचेही गुण आहेत. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी प्रांताची अधिकृत वेबसाइट एकदा वाचाच.

हा लेख लिहिताना मी माझ्या आत्याला फोन केला. तिचं माहेरचं नाव मला माहीतच नव्हतं. तिलाही सांगायला दोन सेकंद लागले.