बाटलीतला मनी प्लांट

चिंचपोकळीच्या चाळींत फ्रिजवर, खिडकीच्या गजाला, नाहीतर देव्हाऱ्याशेजारी एखाद्या बाटलीत मनी प्लांट हमखास दिसतो. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचा; आपली दमट हवा त्याला छान मानवते. गैरसमजही त्याच्याभोवती भरपूर.

'चोरून आणला तरच जगतो.' जगतो तो पेरामुळे. देठाच्या बुडाशी खोडावर तपकिरी उंचवटा असतो, मुळं तिथूनच फुटतात. शेजारच्या काकूंकडून हक्कानं मागून आणा. फांदीला पेर तेवढं असू द्या. नुसतं पान पाण्यात बरेच दिवस हिरवं राहील, पण त्याची वेल होणार नाही.

'घरातली हवा शुद्ध करतो.' १९८९चा 'नासा'चा प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९च्या एका आढाव्यानुसार, खिडकीतून सहज होणारी हवेची अदलाबदल कुंड्यांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत किमान शंभरेक. माणसांनी झोपायचं कुठे? खिडकी उघडा.

'पाण्यात ठेवला की बघावं लागत नाही.' हा गैरसमज मात्र महागात पडतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याशी अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पिंपांबरोबर या बाटल्याही तपासतात, ते उगाच नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. शिवाय अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून उपयोग नाही; बाटली आतून ब्रशनं घासावी लागते, मुळंही धुवावी लागतात. त्यापेक्षा वेल मातीत लावलेली बरी. अर्थात कुंडीखालच्या ताटलीतही पाणी साठतंच.

मातीत लावल्यावर रोज पाणी घालू नका. वरची दोनेक इंच माती कोरडी लागली की घाला; पावसाळ्यात फारच कमी. मुळं कुजतात ती लाडानं. अंधाऱ्या कोपऱ्यात तो जगतो खरा, पण पानांवरचे पिवळे पट्टे उडून तो निव्वळ हिरवा होतो.

आणि हो, तो अळूच्याच कुळातला. घशाला खाज आणणारे तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानांतही असतात. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर वेल उंच टांगा. बाटलीच ठेवायची असेल, तर आठवड्याचा एक वार तिच्या घासणीसाठी आजच ठरवून टाका.