आधी भटारखाना पाहा, मग प्रवेश घ्या

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, फार्मसीची नावे निघत असतानाच एखादी मुलगी हळूच म्हणते, "मला शेफ व्हायचंय." आजी चमकते. "अगं, भाकरी थापायला शिकायला का लाखभर रुपये मोजायचे?"

आजीचा प्रश्न चुकीचा नाही. पण हे शिक्षण आपल्याकडे नवेही नाही. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत अशी पहिली संस्था सुरू झाली. ती आज दादरला आहे. तेव्हा प्रश्न शिकावे की नाही हा नसून, कुठे शिकावे हा आहे. इथेच पालक मंडळी गुळगुळीत माहितीपत्रकाला भुलतात.

पहिली चौकशी पदवीची. केटरिंगच्या राष्ट्रीय परिषदेशी जोडलेल्या संस्था, राज्याच्या सीईटीतून प्रवेश देणारी महाविद्यालये आणि स्वतःचीच पदविका देणाऱ्या खासगी अकादमी, असे ढोबळ तीन प्रकार. अकादमी वाईटच असते असे नाही. पण पुढे सरकारी नोकरी किंवा उच्च शिक्षण हवे असेल तर फरक पडतो. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असे छापले असेल, तर कोणाची, ते लेखी मागावे. विद्यापीठाचे नाव सांगितले, तर त्या विद्यापीठाकडेच खात्री करावी.

दुसरी चौकशी भटारखान्याची, तीही उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी. एका शेगडीपाशी किती मुले उभी आहेत? ती स्वतः रांधतात, की सरांचे रांधणे वहीत उतरवून घेतात? आठवड्यातून किती तास हात प्रत्यक्ष कामाला लागतो? धूर ओढणारा पंखा चालतो का? आणि सामान, सुऱ्या, गणवेश, वसतिगृह हे सारे फीमध्ये धरले आहे, की नंतर एकेक पावती येणार?

तिसरी चौकशी माजी विद्यार्थ्यांकडे. 'शंभर टक्के नोकरी' या पाटीपेक्षा तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला मुलगा आज कुठे आहे, हे अधिक खरे सांगते. या धंद्यात दहा-बारा तास उभे राहावे लागते, दिवाळीलाही सुट्टी नसते. मुलीने आधी सुट्टीत एखाद्या ओळखीच्या आचाऱ्याच्या हाताखाली लग्नसराईचे काम करून पाहिले, तर तिची हौस किती पक्की आहे तेही कळेल.

शेवटी पैसा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमानुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडे प्रक्रिया शुल्क वजा जाता फी परत मिळते. तारखेनंतर ही रक्कम घटत जाते आणि तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ दाखले अडकवून ठेवता येत नाहीत. पण हा नियम विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांसाठी आहे. अकादमीत फी परतीची अट पहिला हप्ता भरण्याआधीच कागदावर घ्यावी.

आपण सोलापूरकर चादर घेतानासुद्धा ती उलटून वीण पाहतो, रंग जाईल का विचारतो. मग लेकीची तीन वर्षे आणि घरातली पुंजी जिथे ठेवायची, तिथे एवढी चौकशी करायला संकोच कसला?