उष्म्याचे बळी आणि मृत्यूची नोंदवही

पुराने किंवा पटकीने किती माणसे दगावली, हे सांगता येते. उन्हाळ्याने किती नेली, हे सांगणे मात्र अवघड असते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. उष्माघाताचे म्हणून नोंदलेले मृत्यू त्या मानाने थोडेच होते. पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यूंचा आकडा २००९ व २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिला, तेव्हा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले.

ही तफावत पडते कशी? आपले शरीर त्वचेकडे अधिक रक्त खेळवून आणि घाम गाळून स्वतःला निववीत असते. या खटाटोपाचा भार हृदयावर पडतो. अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडेही थकतात. मग एखादे वृद्ध गृहस्थ हृदयविकाराने वारले, अशी नोंद होते. ती खोटी नसते, अपुरी असते. पत्र्याच्या खोलीत रात्रही तापलेलीच राहिली, तर शरीराला विसावा म्हणून मिळत नाही. शिवाय घाम वाळला तरच अंग निवते. म्हणून कोकणपट्टीच्या दमट हवेत याहून पुष्कळ कमी तापमानही घातक ठरते.

कोळसा व खनिज तेल जाळून आपण हवेत जे वायू साठविले, त्यांच्यामुळे अशा लाटा आता वरचेवर येऊ लागल्या आहेत. तेव्हा प्रश्न केवळ हवामानाचा राहत नाही, तो रुग्णालयांच्या कारभाराचाही होतो. अहमदाबादच्या एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छपराखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलविताच उष्णतेने आजारी पडणाऱ्या बालकांची संख्या घटली. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही!

२०१३ साली त्या शहराने उष्म्याला तोंड देण्याची योजना आखली. वेधशाळेचा अंदाज येताच इशारा द्यावयाचा, पाण्याची सोय करावयाची, डॉक्टर व परिचारिकांना आधीच तयार ठेवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. पुढे नागपूरनेही हाच मार्ग धरला. दप्तरात ज्याची नोंद नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही, हा आम्हा सरकारी नोकरांचा नित्याचा अनुभव. म्हणून त्या १३४४ या आकड्याचे मोल मला फार वाटते.

भर दुपारी उन्हात काम करू नये, असा सल्ला अशा इशाऱ्यांबरोबर दिला जातो. रोजंदारीवरचा गवंडी तो ऐकतो. परंतु सावलीत बसलेल्या त्या तासांची मजुरी त्याला कोण देणार, हे त्या इशाऱ्यात नसते.